एका वेलीवरची वेगळी काडी

नान्नजचे नानासाहेब काळे आणि बोरगावचे वसंतराव आर्वे ही नावं नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला नव्याने सांगावी लागत नाहीत. एक सोलापूर जिल्ह्यातले, दुसरे सांगलीच्या तासगाव तालुक्यातले, आणि दोघांचीही ख्याती नजरेची. थॉमसन या वाणाची बाग म्हणजे सगळ्या वेली काड्यांपासून वाढवलेल्या. बी कुठेच नाही, त्यामुळे वेलीवेलीत फरक असायचं कारण नाही. तरी कधीतरी एखाद्या वेलीचा, कधी तर एकाच ओलांड्यावरच्या एखाद्या काडीचा माल वेगळा निघतो. मणी लांबट असतात, नाहीतर रंग वेगळा असतो. बहुतेक जण तो घड बाकीच्या मालात टाकून पुढे जातात. काही जण त्या काडीला खूण करून ठेवतात आणि पुढच्या हंगामात तिचे डोळे नव्या खुंटावर भरतात. थॉमसनमधून सोनाका आणि तास-ए-गणेश निघाले ते असेच. काळ्या द्राक्षांतलं शरद सीडलेस किशमिश चोर्नी या जुन्या वाणातून निघालं, तेही असंच.

त्या काडीत घडलेलं असतं ते एवढंच: एका डोळ्यातल्या एका पेशीच्या डीएनएमध्ये एखादा बदल झाला. ती पेशी दुभंगत गेली, तिच्या लेकी-नाती वाढत गेल्या आणि तो बदल घेऊनच सगळी काडी तयार झाली. बाकीची वेल होती तशीच राहिली. एका वेलीवर दोन वेगळे वंश नांदू लागले. जीवशास्त्रात याला कायिक उत्परिवर्तन म्हणतात, म्हणजे बीजातून न आलेला, शरीर वाढताना मध्येच कुठेतरी झालेला बदल.

हे सगळं माणसाच्या कातडीतही घडतं, आणि रोगी नव्हे तर अगदी निरोगी, नितळ दिसणाऱ्या कातडीत घडतं. तुमच्या-माझ्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर अशा वेगळ्या काड्या शेकड्यांनी, हजारांनी आहेत. त्या डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या मोजता यायला लागल्या आणि जे आकडे आले त्यांनी कर्करोगाकडे पाहण्याची पद्धतच बदलायला लावली. हा विषय फक्त प्रयोगशाळेतला राहू नये असं मला फार वाटतं, कारण उन्हात राबणाऱ्या आपल्या जिल्ह्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी कातडीची रचना. वरचा थर, बाह्यत्वचा, शरीराच्या बहुतेक भागांत वहीच्या कागदाएवढाच जाड असतो. त्याच्या तळाशी पेशींची एक रांग असते आणि दुभंगण्याचं काम मुख्यतः तिथेच चालतं. तळची पेशी दुभंगली की त्यांतली एखादी वर सरकू लागते, वाटेत चपटी होते, कडक होते, मरते आणि साधारण महिन्याभरात पापुद्रा होऊन गळून पडते. म्हणजे वर निघालेल्या पेशीत काहीही बिघाड झाला तरी तो महिन्याभरात अंगावरून निघून जातो. पण तळाला राहून पुन्हापुन्हा दुभंगणाऱ्या पेशीत बदल झाला तर तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो. तिच्या वरचा सगळा उभा पट्टा तिच्याच लेकींचा होतो. वेलीवरच्या डोळ्याचं जे स्थान, ते इथे या तळच्या पेशीचं.

डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे: ए, टी, जी आणि सी. प्रत्येक पेशीत आईकडून आलेली सुमारे ३०० कोटी आणि वडिलांकडून आलेली तितकीच अक्षरं. पेशी दुभंगताना हा सगळा मजकूर नव्याने उतरवावा लागतो. उतरवताना चुका होतात, त्या तपासल्या जातात, तरी काही निसटतात. शिवाय सी हे अक्षर काही ठिकाणी आपोआप रासायनिकरीत्या ढासळून टी होतं, त्याला ऊन लागत नाही की धूर लागत नाही. त्यामुळे कायम कपड्याखाली झाकलेल्या कातडीतही वयाबरोबर बदल साठत जातात. त्यांचा वेग संथ असतो आणि केसांच्या पिकण्यासारखे ते कुणालाच चुकत नाहीत.

उघड्या कातडीचा हिशोब मात्र वेगळा आहे, कारण तिथे ऊन येतं.

एप्रिल महिन्यात निफाड, दिंडोरीकडे गेलात तर खरड छाटणी चाललेली दिसते. माल उतरलेला असतो, मांडवावर पान नसतं, आणि पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या उघड्या तारांखाली दिवसभर कात्री चालवत असतात. इतर वेळी मांडव माणसालाही सावली देतो. नेमक्या या छाटणीत ती नसते, आणि नेमकं तेव्हाच सूर्य डोक्यावर चढत असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास इथे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. शाळांमधून हल्ली शून्य सावलीचा दिवस पाहतात, तो हाच. सूर्य जितका उंच, तितका त्याचा प्रकाश वातावरणाच्या कमी जाडीतून येतो आणि अतिनील किरण तितके जास्त पोहोचतात. यात एक चकवा आहे. अतिनील किरण उष्णतेसारखे जाणवत नाहीत. नाशिकची हवा थंड, म्हणून ऊनही सौम्य, असं आपण धरून चालतो. थंडीतली कोवळी सकाळ सौम्य असते हे खरं, पण गार वाऱ्याच्या दिवशीही दुपारच्या उन्हातले अतिनील किरण आपलं काम करतच असतात.

ते काम असं. डीएनएच्या धाग्यावर शेजारीशेजारी दोन टी, दोन सी किंवा टी-सी अशी जोडी असेल आणि अतिनील किरण तिच्यावर आदळला, तर ती दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. धाग्याला तिथे गाठ पडते. प्रखर उन्हात एका पेशीत अशा हजारो गाठी पडू शकतात. गाठ वेळेत सुटली नाही आणि पेशी दुभंगली, तर उतरवणारी यंत्रणा तिथे अडखळते आणि सी च्या जागी टी लिहून जाते. कधी लागोपाठचे दोन सी जाऊन दोन टी येतात. हा दुहेरी बदल अतिनील किरणांखेरीज क्वचितच कशाने होतो. म्हणून एखाद्या पेशीचा डीएनए वाचला की तिच्यातले किती बदल वयाने केले आणि किती उन्हाने, हे बरंचसं सांगता येतं. उन्हाचं हस्ताक्षर वेगळं आहे.

गाठी सोडवणारी यंत्रणा पेशीत असतेच. काही प्रथिनं धाग्यावरून फिरून गाठ शोधतात, तिच्या दोन्ही बाजूंना काप देऊन सुमारे ३० अक्षरांचा तुकडा उचलून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून पाहून तो पुन्हा भरतात. या कामाचा तपशील उलगडल्याबद्दल अझीझ सँकार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्यांच्या अभ्यासाची सुरुवात मात्र दुसऱ्याच एका विकरापासून झाली होती. ते विकर प्रकाशाचीच ऊर्जा वापरून गाठ थेट सोडवतं, कापाकापी न करता. जीवाणूंकडे ते आहे, वनस्पतींकडे आहे. द्राक्षाच्या पानाला ही सोय आहे आणि त्याच मांडवाखाली उभ्या असलेल्या माणसाला नाही. आपल्या सस्तन पूर्वजांनी ती उत्क्रांतीच्या वाटेत कुठेतरी गमावली.

आपल्याकडे उरलेल्या यंत्रणेची किंमत काय, हे ज्यांच्याकडे ती जन्मतःच अपुरी असते त्या मुलांकडे पाहून कळतं. झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात उघड्या कातडीवर दोन-तीन वर्षांच्या वयातच दाट ठिपके उठतात आणि पहिला कर्करोग अनेकदा दहाव्या वर्षाच्या आत होतो. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशींना उन्हाच्या गाठी सोडवता येत नाहीत. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. तान्ह्या मुलाला थोड्याशा उन्हानेही कातडी भाजल्यासारखी होत असेल आणि दिवसेंदिवस उतरत नसेल, तर ते नाजूकपणाचं लक्षण मानून सोडू नये.

निरोगी कातडीत साठणाऱ्या बदलांचा पहिला ठसठशीत पुरावा १९९६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डग्लस ब्रॅश यांच्या गटाने दिला. त्यांनी पी-५३ या एकाच जनुकाचा मागोवा घेतला. पेशीच्या डीएनएला फार इजा झाली की तिला थांबवायचं किंवा मरायला लावायचं, हे पी-५३ चं काम. उन्हाने भाजल्यावर चार-पाच दिवसांनी कातडीची सालटं निघतात, त्यात दुरुस्तीपलीकडे गेल्यामुळे पी-५३ च्या हुकमाने मेलेल्या पेशी असतात. कर्करोगात हे जनुक बिघडलेलं असतं हे माहीत होतं. ब्रॅश यांच्या गटाला ते ठणठणीत कातडीतही बिघडलेलं सापडलं, आणि एकेकट्या पेशीत नव्हे तर पेशींच्या सलग ठिगळांमध्ये. काही ठिकाणी बाह्यत्वचेचा ४ टक्क्यांपर्यंत भाग अशा ठिगळांनी व्यापलेला होता.

मग जवळजवळ दोन दशकं थांबावं लागलं, कारण कातडीच्या चिमुकल्या तुकड्यातले अनेक जनुक खोलवर वाचण्याचं तंत्र यायचं होतं. ते आलं तेव्हा इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या इनिगो मार्टिनकोरेना, फिलिप जोन्स आणि पीटर कॅम्पबेल यांनी एक साधी युक्ती केली. उतारवयात पापणी लोंबून डोळ्यावर आली की शस्त्रक्रियेने जादा कातडी काढून टाकतात. पापणीने आयुष्यभर ऊन पाहिलेलं असतं आणि काढलेला तुकडा एरवी फेकून दिला जातो. ५५ ते ७३ वयाच्या चार जणांच्या अशा कातडीचे त्यांनी काही चौरस मिलिमीटरचे २३४ तुकडे केले आणि प्रत्येकात कर्करोगाशी संबंध असलेले ७४ जनुक वाचले. मे २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दर दहा लाख अक्षरांमागे २ ते ६ बदल. म्हणजे एकेका पेशीत हजारो. अनेक प्रकारच्या कर्करोगांच्या गाठीत जितके बदल सापडतात, तितकेच. बहुतेकांवर उन्हाचं हस्ताक्षर. ज्या बदलांनी पेशीला शेजारणीपेक्षा काही फायदा मिळतो, जे एरवी कर्करोगाकडे नेणारे म्हणून ओळखले जातात, असे बदल १८ ते ३२ टक्के पेशींमध्ये होते. आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, असे सुमारे १४० वेगवेगळे बदल, प्रत्येकाची आपापली वस्ती. या चौघांपैकी कुणालाही त्वचेचा कर्करोग नव्हता.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तलाठ्याकडचा गावनकाशा आठवला. लांबून माळरान एकसारखं दिसतं, पण नकाशावर ते शेकडो गटांत वाटलेलं असतं, प्रत्येक गटाची भावकी वेगळी. कातडीचं तसंच आहे. एका मूळ पेशीची एक भावकी, तिच्या बांधाला लागून दुसरी, पलीकडे तिसरी. आणि बांध म्हटला की तो कोरणं आलंच. ज्या भावकीला अंगचा फायदा मिळतो ती दरवर्षी शेजाऱ्याच्या हद्दीत थोडी थोडी सरकते.

हा फायदा नेमका कसा मिळतो ते समजून घेण्यासारखं आहे. नॉच-१ नावाचा जनुक पापणीच्या तुकड्यांमध्ये सगळ्यात जास्त बदललेल्या जनुकांपैकी होता. त्याचं नेहमीचं काम तळच्या पेशीला निघायची आज्ञा देणं: तुझी पाळी झाली, आता वर सरक, कडक हो. हा जनुक बिघडला की आज्ञा नीट पोहोचत नाही आणि पेशी तळालाच राहून जागा धरते. शेजारणी आपल्या वेळेला निघून जातात, रिकाम्या जागी हिच्या लेकी बसतात. पी-५३ ची तऱ्हा निराळी. कडक उन्हानंतर धड पेशी हुकूम मानून मरतात, पी-५३ बिघडलेली पेशी मरत नाही, आणि मोकळं झालेलं रान तिला मिळतं. म्हणजे ऊन दोनदा घात करतं. आधी ते बदल घडवतं आणि पुढच्या प्रत्येक भाजण्यात त्याच बदललेल्या पेशींसाठी जागा करून देतं.

इतके बदल असूनही कर्करोग का होत नाही? मला या साऱ्या संशोधनातला हाच सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. पूर्वी आपण असं समजत होतो की कर्करोगाचा बदल झाला की कर्करोग सुरू झाला. आता दिसतं की असे बदल ही वाढत्या वयातली नेहमीची अवस्था आहे आणि कर्करोग हा तिच्यातला दुर्मीळ अपघात. एका पेशीत एक किंवा दोन बदल पुरत नाहीत. अनेक बदल एकाच भावकीत जमावे लागतात, तेही योग्य त्या जोडीने. शिवाय बाकीच्या भावक्या गप्प बसलेल्या नसतात. सँगरच्याच गटाने २०१८ मध्ये अन्ननलिकेचं अस्तर तपासलं, तेव्हा मध्यमवयानंतर नॉच-१ बदललेल्या पेशी तिथे १२ ते ८० टक्के जागा व्यापतात असं निघालं; अन्ननलिकेच्या कर्करोगात मात्र हा बदल त्याहून कमी वेळा सापडतो. म्हणजे तो बदल पसरतो खरा, पण कर्करोगाला मदत करतोच असं नाही. त्यानंतर २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की निरोगी अस्तरातल्या बलवान भावक्या नव्याने उगवणाऱ्या सूक्ष्म गाठींना रेटून बाहेर काढतात. बांध कोरणारा शेजारी कधीकधी चोरालाही थारा देत नाही.

याचं रोज डोळ्यांसमोर असणारं उदाहरण म्हणजे तीळ. जन्मानंतर उगवणाऱ्या बहुतेक तिळांच्या पेशींमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो, आणि मेलानोमा या घातक कर्करोगात नेहमी सापडणारा बदल हाच आहे. तो घेऊन एक रंगपेशी दुभंगत जाते, काही हजारांची वस्ती होते आणि मग थांबते. तशीच पन्नास वर्षं थांबून राहते. गालावरचा तीळ म्हणजे कर्करोगाच्या वाटेवर एक पाऊल टाकून शरीराने तिथेच थांबवलेली भावकी. आजीच्या चेहऱ्यावर, मानेवर वयाबरोबर येणाऱ्या काळ्या, चिकटवल्यासारख्या मसांमध्येही एफजीएफआर-३ या वाढीशी निगडित जनुकातले बदल वारंवार सापडतात, आणि ते मस सहसा निरुपद्रवी राहतात.

कधी बदल भल्याचाही असतो. एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात बाळाची सगळी कातडी लाल आणि खवल्यांची असते, पण पुढे तिच्यावर नितळ कातडीचे छोटे ठिपके उमटू लागतात आणि वयाबरोबर त्यांची संख्या हजारांवर जाते. २०१० मध्ये या ठिपक्यांचा उलगडा झाला. केरॅटिन-१० हा जन्मतः बिघडलेला जनुक एखादी पेशी दुभंगताना जोडीच्या दोन गुणसूत्रांत झालेल्या अदलाबदलीने तिच्यात दुरुस्त होतो, ती निरोगी पेशी आजूबाजूच्या रोगी पेशींपुढे टिकते, वाढते, आणि तिची भावकी नितळ ठिपक्याच्या रूपाने दिसू लागते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कातडीत झालेले हे बदल मुलाबाळांकडे जात नाहीत. ते जातात फक्त बीजपेशींतून, आणि बीजपेशींपर्यंत उन्हाची पोहोच नाही. द्राक्षाची काडी माणूस कापून दुसऱ्या खुंटावर भरतो म्हणून तिचा वंश चालतो. कातडीची भावकी आपल्याबरोबरच संपते.

आता आपल्या सावळ्या कातडीविषयी. २०१५ चे आकडे इंग्लंडमधल्या पापण्यांचे. ते नाशिकला तसेच लागू करणं चुकीचं होईल, आणि असं म्हणायला भक्कम आधार आहे. २०२३ मध्ये फिलिप जोन्स यांच्या गटाने ब्रिटन आणि सिंगापूर इथल्या उतारवयीन लोकांच्या चेहऱ्याच्या कातडीची तुलना केली. सिंगापूरला ब्रिटनच्या दुप्पट-तिप्पट अतिनील किरण पडतात, तरी तिथे त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगांचं प्रमाण १७ पटींनी कमी आहे. कातडी वाचली तेव्हा ब्रिटनमधल्या चेहऱ्यांत चौपट बदल निघाले आणि त्यांवर मुख्यतः उन्हाचं हस्ताक्षर होतं. सिंगापूरच्या चेहऱ्यांतले बहुतेक बदल पेशीच्या आतल्या, वयाच्या कारणांनी झालेले होते. पी-५३ बिघडलेल्या भावक्या ब्रिटनमध्ये जास्त बलवान होत्या. ऊन जास्त आणि इजा कमी, याचं उत्तर त्या लोकांच्या जन्मजात जनुकीय घडणीत असावं, असं संशोधकांचं मत आहे.

त्या घडणीतला आपल्याला ठाऊक असलेला भाग म्हणजे मेलॅनिन. रंगपेशी हे काळपट कण तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. ते पेशीत कुठेही पडून राहत नाहीत. केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला ते टोपीसारखे जमतात, म्हणजे जिथे डीएनए आहे नेमक्या तिथेच सावली. प्रत्येक पेशीची आपली छत्री. सावळ्या रंगावरून आपल्याकडे मुलींना जे ऐकून घ्यावं लागतं, गोरं करण्याच्या मलमांवर जो पैसा जातो, तो पाहताना मला या छत्रीची फार आठवण होते. तिला उणं म्हणणं हे अज्ञान आहे, आणि पारा किंवा स्टेरॉइड असलेली मलमं चोळून तिला पातळ करणं म्हणजे स्वतःच्या हाताने कातडीचं नुकसान करणं.

पण छत्री म्हणजे भिंत नव्हे. काचेतूनही पलीकडे जाणारे अतिनील-ए किरण खोलवर पोहोचतात. २०१२ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचं छायाचित्र आलं होतं. २८ वर्षं खिडकीशेजारी बसून त्याचा चेहरा डाव्या बाजूला खोल सुरकुतलेला आणि उजवीकडे जवळजवळ नितळ होता. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या आपल्या चालकांची खिडकी उजवीकडे असते, एवढाच फरक. आणि ज्यांच्याकडे छत्री जन्मतःच नाही, त्या अल्बिनिझम असलेल्या माणसांना आपल्या उन्हात खरा आणि मोठा धोका आहे. खेड्यापाड्यांत अशी मुलं इतर मुलांबरोबर शेतात राबतात. त्यांना पूर्ण अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी आणि शक्यतो सावलीतलं काम मिळालंच पाहिजे.

आपल्याकडच्या त्वचेच्या कर्करोगाची दुसरी एक वाट आहे, आणि ती दाखवून देण्याचा मान मराठी माणसाचा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या सवयींशी जोडलेले तीन प्रकारचे कर्करोग त्यांनी त्यात मांडले, आणि त्यांतला एक कमरेवरचा होता. वर्षानुवर्षं धोतराची गाठ एकाच जागी घट्ट आवळल्याने तिथली कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, चिरते, भरते, पुन्हा चिरते आणि काही थोड्या लोकांत तिथेच कर्करोग उठतो. पुढे साडीच्या परकराच्या नाडीखालीही असे रुग्ण नोंदले गेले.

कमरेला ऊन लागत नाही. मग तिथे काय घडतं? याच सुमारास अमेरिकेत पेटन राऊस आणि त्यांचे सहकारी सशांच्या कानांवर डांबर लावून प्रयोग करत होते. डांबर थांबवल्यावर वरवर बऱ्या दिसणाऱ्या कानाला भोक पाडलं, तर जखमेच्या कडेने गाठी उगवायच्या. बदललेल्या पेशी तिथे आधीपासून झोपलेल्या होत्या आणि जखम भरण्याच्या धांदलीने त्यांना दुभंगायला लावलं. आज ठिगळांची कातडी वाचता येते, तेव्हा हे निरीक्षण जास्त स्पष्ट होतं. जी जागा सतत घासली जाते, सतत भरून काढावी लागते, तिथे मजकूर पुन्हापुन्हा उतरवला जातो, चुकांना जास्त संधी मिळते आणि बांध कोरणाऱ्या भावकीला रान मोकळं मिळतं. भाजल्याच्या जुन्या वणावर, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या पायाच्या जखमेवर उठणारा कर्करोग याच वाटेने येतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत त्वचेचा कर्करोग शोधताना फक्त उन्हाकडे पाहून चालत नाही ते यामुळे. मेलानोमासुद्धा आपल्याकडे बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, जिथे ऊन पोहोचत नाही.

द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला, तोंडाला टॉवेल गुंडाळतात. कुणी शिकवलेलं नाही, अनुभवाने आलेलं आहे, आणि जाड सुती कापड हे उन्हापासूनचं उत्तम संरक्षण आहे. पुरुष मात्र बरेचदा बनियनवर काम करतात. त्यांनीही शर्ट घालावा. नाडी, पट्टा, करदोटा एकाच जागी रुतू देऊ नये, नाडी रुंद घ्यावी आणि कमरेवरच्या काळ्या, चिरणाऱ्या पट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये. महिना उलटून गेला तरी न भरणारी जखम, जुन्या वणावर नव्याने आलेली गाठ, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायावरचा वाढत जाणारा काळा डाग: यांतलं काहीही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. वेळेत काढलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

बागायतदारांना माझी एक विनंती आहे. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून तुम्ही घडाघडाला कागद गुंडाळता, त्यासाठी मजुरी मोजता. पुढच्या एप्रिलमध्ये मांडव उघडा होईल तेव्हा छाटणी पहाटे सहाला सुरू करा आणि अकराला थांबवा, उरलेलं काम चारनंतर घ्या, आणि टोळीतल्या प्रत्येकाला लांब बाह्यांचा एक सुती शर्ट आणि रुंद काठाची एक टोपी तुमच्या खर्चाने द्या.